हायक्लिअर कॅसल आणि पाचवे अर्ल ऑफ कार्नार्व्हन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामन याचं थडगं शोधून काढणाऱ्या उत्खननाला पैसा पुरवला तो इंग्लंडमधल्या हायक्लिअर कॅसलचे मालक, पाचवे अर्ल ऑफ कार्नार्व्हन यांनी. 'डाऊन्टन ॲबी' या मालिकेचं चित्रीकरणही याच घरात झालं. थडगं, ममीचा शाप आणि ही मालिका, या तीन वाटांनी मराठी वाचक हायक्लिअरपाशी येतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. हायक्लिअर कॅसल नेमका कुठे आहे आणि कोणाच्या मालकीचा आहे?

दक्षिण इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात, बर्कशरच्या सीमेला लागून. जवळचं मोठं गाव न्यूबरी, ते साधारण ८ किलोमीटर उत्तरेला आहे. वास्तूभोवती सुमारे १,००० एकरांचं उद्यान आहे, त्यापलीकडे शेती आणि जंगल. मालकी सरकारची किंवा एखाद्या न्यासाची नाही. हर्बर्ट घराण्यातले आठवे अर्ल ऑफ कार्नार्व्हन आणि त्यांच्या पत्नी आजही हे घर चालवतात. त्यामुळे ते वर्षभर खुलं नसतं (प्रश्न १८).

२. हा किल्ला आहे का? तटबंदी, खंदक काहीच दिसत नाही.

नाही. इथे कधी वेढा पडला नाही आणि तोफ चढवायला जागाही नाही. हे राहण्यासाठी बांधलेलं टोलेजंग घर आहे. 'कॅसल' हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या हौसेचं आहे.

आज दिसतं ते रूप सर चार्ल्स बॅरी या वास्तुरचनाकाराचं. लंडनची संसदेची इमारत त्यांचीच, म्हणून दोन्ही वास्तूंचे उभे कंगोरे आणि टोकदार मनोरे एका हातचे वाटतात. तिसऱ्या अर्लनी त्यांना बोलावलं आणि १८४२पासून काम सुरू झालं. बॅरींनी जुनं घर जमीनदोस्त केलं नाही. आधीच्या जॉर्जियन काळातल्या साध्या, चौकोनी घराला त्यांनी बाहेरून बाथच्या पिवळसर दगडाचं नवं अंग चढवलं, मधोमध उंच बुरूज उभारला आणि कोपऱ्यांवर मनोरे दिले. बुरूज शोभेचा आहे, संरक्षणाचा नाही. आतलं काम मात्र रेंगाळलं. तिसरे अर्ल १८४९मध्ये वारले, बॅरी १८६०मध्ये. पुढची सजावट टॉमस ॲलम यांनी केली आणि चौथ्या अर्लच्या काळात १८७८मध्ये घर एकदाचं पूर्ण झालं. म्हणजे सुरुवातीपासून ३६ वर्षांनी.

३. अर्ल म्हणजे काय? लॉर्ड कार्नार्व्हन आणि लॉर्ड पोर्चेस्टर एकच का?

ब्रिटिश सरदारांच्या पाच पायऱ्या आहेत: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. अर्ल मधली पायरी.

'अर्ल ऑफ कार्नार्व्हन' या पूर्ण पदवीऐवजी बोलण्यात 'लॉर्ड कार्नार्व्हन' म्हणतात. घराण्याकडे बॅरन पोर्चेस्टर ही त्याखालची पदवीही आहे. वडील हयात असताना थोरला मुलगा मानाने 'लॉर्ड पोर्चेस्टर' म्हणवून घेतो आणि वडील वारले की त्याच दिवशी 'लॉर्ड कार्नार्व्हन' होतो. गोंधळ होतो तो इथेच. १९२२ सालच्या मजकुरातले लॉर्ड पोर्चेस्टर म्हणजे नंतरचे सहावे अर्ल, पण १९७५ सालच्या मजकुरातले लॉर्ड पोर्चेस्टर म्हणजे नंतरचे सातवे. जुनी कात्रणं वाचताना आधी साल पाहा.

घराण्याचं आडनाव हर्बर्ट. पाचव्या अर्लचं पूर्ण नाव जॉर्ज एडवर्ड स्टॅनहोप मॉलिन्यू हर्बर्ट.

४. वेल्समध्ये कार्नार्व्हन नावाचा मोठा किल्ला आहे. तो यांचाच का?

नाही. वेल्समधला तो किल्ला पहिल्या एडवर्ड राजाने तेराव्या शतकात बांधायला घेतला. तो राजसत्तेच्या मालकीचा आहे आणि त्याची देखभाल वेल्सची पुरातत्त्व यंत्रणा करते. हर्बर्ट घराण्याकडे त्या गावाच्या नावाची फक्त पदवी आहे. पदवी ज्या गावाची तिथे जमीन असायलाच हवी, असा नियम नाही.

ही पदवीही तिसऱ्यांदा दिलेली आहे. आधी १६२८मध्ये डॉर्मर घराण्याला मिळाली, मग १७१४मध्ये ब्रिजेस घराण्याला. दोन्ही वेळा वारस न उरल्याने ती लोप पावली. हर्बर्टांना ती १७९३मध्ये मिळाली आणि गणना तिथपासून होते. म्हणून सतराव्या शतकातल्या एखाद्या अर्ल ऑफ कार्नार्व्हनला तुतनखामनवाल्यांचा पूर्वज समजू नका.

५. हर्बर्ट घराणं हायक्लिअरला कसं आलं?

लढाई जिंकून नाही. लग्नातून आणि निपुत्रिक काकामुळे.

मध्ययुगात ही जागा विंचेस्टरच्या बिशपांची होती. १६७९मध्ये सर रॉबर्ट सॉयर या बड्या वकिलाने ती विकत घेतली. दुसरा चार्ल्स आणि दुसरा जेम्स या दोन्ही राजांचा तो ॲटर्नी जनरल होता. त्याची मुलगी मार्गारेट हिचं लग्न आठवे अर्ल ऑफ पेम्ब्रोक, टॉमस हर्बर्ट यांच्याशी झालं. पेम्ब्रोकची मूळ मालमत्ता थोरल्या मुलाकडे गेली, आईकडची हायक्लिअर धाकट्या रॉबर्टकडे आली. रॉबर्टला मूलबाळ नव्हतं, म्हणून १७६९मध्ये सगळं पुतण्या हेन्री याच्याकडे आलं. हाच हेन्री १७८०मध्ये बॅरन पोर्चेस्टर आणि १७९३मध्ये पहिला अर्ल झाला. उद्यानाला आजचं रूपही त्याच्याच वेळी, १७७०च्या दशकात, 'कॅपेबिलिटी' ब्राउन या प्रसिद्ध उद्यानरचनाकाराच्या आराखड्यावरून आलं.

६. पाचवे अर्ल नेमके कोण होते? थोडक्यात सांगा.

जन्म २६ जून १८६६. वडील चौथे अर्ल, दोनदा वसाहतमंत्री. कॅनडाला एकत्र बांधणारा १८६७चा कायदा त्यांनी संसदेत मांडला. पाचवे अर्ल नऊ वर्षांचे होण्याआधीच त्यांची आई वारली. शिक्षण ईटन शाळेत आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात झालं, अभ्यासात विशेष चमक नव्हती. १८९०मध्ये वडील गेले आणि पदवी, घर, जमीन अंगावर आली. वडिलांसारखी राजकारणाची ओढ मात्र त्यांना नव्हती.

त्यांची ओढ घोडे, मोटारी, छायाचित्रण आणि जुन्या वस्तू यांत होती. १९०२मध्ये त्यांनी हायक्लिअरला घोड्यांची पैदास सुरू केली. छायाचित्रकार म्हणून ते खरोखर चांगले होते. पुढे लंडनच्या कॅमेरा क्लबचे अध्यक्षही झाले. इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या मोटारमालकांत त्यांचं नाव येतं, आणि त्या मोटारीनेच त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली (प्रश्न ८).

मुलं दोन: हेन्री, जन्म १८९८, आणि एव्हलिन, जन्म १९०१. मृत्यू ५ एप्रिल १९२३, कैरोत (प्रश्न १२).

७. एवढं घर, घोडे, वर्षानुवर्षांचं उत्खनन. पैसा कुठून यायचा?

हा प्रश्न लोक उशिरा विचारतात, खरं तर पहिल्यांदा विचारायला हवा. शेतीच्या खंडावर हे भागत नव्हतं. १८७०च्या दशकापासून अमेरिकेतला स्वस्त गहू आला, इंग्लंडमधले धान्याचे भाव पडले आणि जमीनदारांचं उत्पन्न आटलं. त्यात तरुण अर्ल उधळे होते. लग्नापूर्वी त्यांच्या डोक्यावर सुमारे दीड लाख पौंडांचं कर्ज होतं.

सुटका लग्नाने झाली. २६ जून १८९५ रोजी, स्वतःच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, त्यांनी वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये आल्मिना वुम्बवेल हिच्याशी लग्न केलं. कागदोपत्री ती फ्रेडरिक वुम्बवेल यांची मुलगी. प्रत्यक्षात ती बँकर आल्फ्रेड डी रॉथशिल्ड यांची मुलगी असावी असं तेव्हाही मानलं जायचं आणि चरित्रकारही तसंच मानतात. रॉथशिल्ड यांनी जावयाचं कर्ज फेडलं आणि लग्नाच्या करारात ५ लाख पौंडांची तरतूद केली. १९१८मध्ये ते वारले तेव्हा लंडनमधलं त्यांचं घरही आल्मिनाकडे आलं.

तेव्हा तुतनखामनच्या उत्खननाचा खर्च हायक्लिअरच्या जमिनीतून नव्हे, मुख्यतः बँकेच्या तिजोरीतून झाला असं म्हणणं जास्त बरोबर. 'श्रीमंत अर्लचा छंद' हे वर्णन पुस्तकांत येतं, तेव्हा आल्मिनाचं नाव गाळलं जातं.

८. ते इजिप्तला का गेले? पुरातत्त्वाचं शिक्षण होतं का?

शिक्षण नव्हतं. गेले ते प्रकृतीमुळे. जर्मनीत मोटार उलटून ते गाडीखाली सापडले. जीव वाचला, पण छाती कायमची कमजोर झाली. इंग्लंडच्या दमट हिवाळ्यात श्वास कोंडायचा, म्हणून डॉक्टरांनी कोरडी, उबदार हवा सुचवली. त्या काळी श्रीमंत इंग्रजांसाठी अशी हवा म्हणजे इजिप्त. १९०३पासून ते हिवाळ्यात तिकडे जाऊ लागले.

रिकामा वेळ घालवायला उत्खननाचा परवाना काढला. नाईलकाठच्या लक्झर गावी, नदीच्या पश्चिम तीरावर, पहिल्या हंगामात सहा आठवडे धूळ उपसून हाती आली ती मांजराच्या ममीची एक लाकडी पेटी. जाणकाराशिवाय हे काम होणार नाही हे त्यांना कळलं. इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गास्तों मास्परो यांनी हॉवर्ड कार्टर यांचं नाव सुचवलं. कार्टर आधी खात्यात निरीक्षक होते, एका वादातून नोकरी सुटली होती आणि जलरंगातली चित्रं विकून गुजराण चालली होती. काम दोघांनी असं वाटून घेतलं: पैसा आणि परवाना अर्लचा, निवड आणि देखरेख कार्टरची. पहिल्या पाच वर्षांच्या कामाचा सचित्र अहवाल १९१२मध्ये निघाला आणि अभ्यासकांनी तो गांभीर्याने घेतला.

लक्झरजवळच्या 'राजांच्या खोऱ्या'त प्राचीन राजांची थडगी आहेत. तिथले उत्खननाचे हक्क तोवर थिओडोर डेव्हिस या अमेरिकन धनिकाकडे होते. खोरं आता रिकामं झालं, असं म्हणत त्यांनी ते १९१४मध्ये सोडले आणि ते अर्लकडे आले. मग महायुद्ध आलं आणि नेटाने काम १९१७च्या अखेरीस सुरू झालं.

९. थडगं सापडलं ते दिवस नेमके कसे गेले? अर्ल तिथे होते का?

पहिली पायरी सापडली तेव्हा ते तिथे नव्हते, हायक्लिअरला होते.

पाच हंगाम फारसं काही न मिळाल्याने १९२२च्या उन्हाळ्यात त्यांनी काम थांबवायचं ठरवलं होतं. कार्टर यांनी हायक्लिअरला येऊन आणखी एक हंगाम मागून घेतला. उरलेली जागा छोटी होती: सहाव्या रामसेसच्या थडग्याखालची, जिथे प्राचीन मजुरांच्या झोपड्यांचे पाये होते. त्या थडग्याची पर्यटकांची वाट अडू नये म्हणून ती आधी खणली नव्हती.

४ नोव्हेंबरला झोपड्यांखाली खडकात कोरलेली पायरी दिसली. ५ तारखेला बंद दाराचा वरचा भाग आणि त्यावरचे शिक्के दिसले. कार्टर यांनी तिथेच थांबून जिना पुन्हा बुजवला आणि अर्लना तार केली. मालक नसताना दार फोडलं असतं तर कराराचाही भंग आणि विश्वासाचाही. जहाज, आगगाडी असा प्रवास करून अर्ल आणि एव्हलिन २३ नोव्हेंबरला लक्झरला पोचले. २४ला सगळ्या सोळा पायऱ्या मोकळ्या झाल्या आणि दाराच्या खालच्या भागावर तुतनखामनचं नाव वाचता आलं. त्यामागे दगडमातीने भरलेली उतरती वाट निघाली. ती उपसल्यावर २६ नोव्हेंबरला दुसरं दार आलं. त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात भोक पाडून कार्टर यांनी मेणबत्ती आत धरली. मेणबत्ती आधी धरायची ती विषारी वायू आहे का हे पाहायला. ज्योत फडफडली ती आतली कोंडलेली गरम हवा बाहेर आल्यामुळे.

औपचारिक उद्घाटन २९ नोव्हेंबरला झालं. ममीची खोली उघडली १६ फेब्रुवारी १९२३ला.

१०. औपचारिकपणे उघडण्याआधीच कार्टर आणि अर्ल चोरून ममीच्या खोलीत शिरले होते, हे खरं का?

बहुतेक अभ्यासक हो म्हणतात आणि पुरावाही त्याच बाजूचा आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस कार्टर, अर्ल आणि एव्हलिन प्राचीन चोरांनी पाडलेल्या भोकातून आत सरपटत गेले आणि बाहेर आल्यावर भोक बुजवून त्यापुढे टोपली आणि बोरू ठेवले. अर्लचे सावत्र भाऊ मर्विन हर्बर्ट यांच्या रोजनिशीत याचा उल्लेख आहे. कार्टर यांच्या चमूतले रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकास यांनीही १९४०च्या दशकात छापील लेखांतून तो केला.

याला चोरी म्हणणं थोडं पुढचं झालं. ममीभोवतीच्या मुख्य देवघरांचे, म्हणजे लाकडी कोशांचे, शिक्के त्यांनी फोडले नाहीत. पण फेब्रुवारीत पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच पाहतोय असा अभिनय त्यांनी केला, एवढं खरं.

११. थडग्यातला खजिना अर्लना मिळाला का? हायक्लिअरमध्ये तो पाहता येतो का?

नाही आणि नाही. मूळ वस्तू सगळ्या इजिप्तच्या. हायक्लिअरला दिसतो तो ममीच्या चेहऱ्यावरचा सोन्याचा मुखवटा प्रतिकृती आहे.

कारण उत्खननाच्या लेखी परवान्यात आहे. राजांच्या ममी आणि त्यांच्या शवपेट्या पुरातत्त्व खात्याच्या. थडगं अभंग निघालं तर आतलं सगळं संग्रहालयाचं, वाटणी नाही. आधी लुटलेलं निघालं तर महत्त्वाच्या वस्तू खात्याने ठेवायच्या आणि उरलेल्यांची वाटणी करायची.

वाद उठला तो 'अभंग'वरून. प्राचीन काळी चोर दोनदा आत शिरले होते, मग ते लुटलेलं का? अर्लची बाजू हो म्हणायची. पण लुटलेलं थडगं असं भरलेलं कसं, हा प्रश्नही रास्त होता. त्यात १९२२मध्येच इजिप्त नावापुरता का होईना स्वतंत्र झाला होता आणि राष्ट्रीय सरकारला हा वारसा बाहेर जाऊ द्यायचा नव्हता. अर्लच्या मृत्यूनंतर, १९२४मध्ये कार्टर यांनी काम बंद पाडलं तेव्हा सरकारने थडग्याला कुलूप घातलं. घराण्याने वस्तूंवरचा हक्क सोडला तेव्हा १९२५मध्ये काम पुन्हा सुरू झालं. १९३०मध्ये इजिप्तने उत्खननखर्चाची भरपाई म्हणून सुमारे ३६,००० पौंड दिले. त्यातला साधारण चतुर्थांश कार्टर यांना मिळाला.

हायक्लिअरच्या तळघरात आज मूळ इजिप्शियन वस्तू आहेत, पण त्या अर्लच्या आधीच्या उत्खननांतल्या, रीतसर वाटणीत आलेल्या. त्यांचा मोठा संग्रह १९२६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला १,४५,००० डॉलरला विकला गेला. काही वस्तू मात्र घरातच राहिल्या. सहावे अर्ल १९८७मध्ये वारले, त्यानंतर मोजदाद करताना जुन्या बटलरच्या सांगण्यावरून दोन खोल्यांमधल्या दाराच्या जाडीतली बंद कपाटं उघडली, तर त्या तिथे होत्या.

अपवादही आहे. थडग्यातल्या काही चिमुकल्या वस्तू कार्टर आणि अर्ल यांच्या हातून बाहेर गेल्याच. २०१०मध्ये मेट्रोपॉलिटनने अशा १९ वस्तू इजिप्तला परत करायचं मान्य केलं.

१२. अर्ल कशाने वारले?

डासाच्या चाव्याने नव्हे, चाव्यानंतर झालेल्या जंतुसंसर्गाने. गालावर डास चावला, दाढी करताना त्या जागी वस्तरा लागला, जखम चिघळली आणि विष रक्तात पसरलं. शेवटी न्यूमोनिया झाला. फुप्फुसं अपघातापासून अधू होतीच. प्रतिजैविकं तेव्हा नव्हती, पेनिसिलीनचा शोधच १९२८चा. ५ एप्रिल १९२३च्या पहाटे दोनच्या सुमारास कैरोच्या कॉन्टिनेन्टल-सॅव्हॉय हॉटेलात ते गेले. वय ५६.

म्हणजे तुतनखामनचा चेहरा त्यांनी पाहिलाच नाही. ममी उघडली १९२५मध्ये.

१३. मग ममीचा शाप? अर्ल वारले त्याच क्षणी कैरोत दिवे गेले, हायक्लिअरला कुत्री मेली, एकामागून एक माणसं मेली?

एकेक पाहू. थडग्याच्या दारावर शापाचा लेख नव्हता. छापून आलेली वाक्यं बनावट होती. कैरोत दिवे जाणं तेव्हा नेहमीचं होतं. हायक्लिअरला त्याच क्षणी सूझी कुत्री भुंकून मेली, ही गोष्ट सहाव्या अर्लनी पसरवली, पण त्या रात्री ते स्वतः कैरोत होते. त्यांनी ती ऐकलेली होती. शिवाय कैरोचं घड्याळ लंडनच्या दोन तास पुढे, त्यामुळे 'त्याच क्षणी' म्हणण्यासाठी वेळा ओढूनताणून जुळवाव्या लागतात.

माणसांचं म्हणाल तर थडग्यात सगळ्यात जास्त वेळ घालवणारे कार्टर १९३९पर्यंत जगले. आधी आत शिरलेल्या एव्हलिन १९८०पर्यंत. २००२मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशोबच छापून आला: त्या वेळी इजिप्तमध्ये असलेल्या ४४ पाश्चात्त्यांपैकी २५ जण थडगं किंवा ममी उघडताना हजर होते. मृत्यूचं सरासरी वय हजर असलेल्यांचं ७०, नसलेल्यांचं ७५. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

शाप एवढा गाजला कसा, हे जास्त रंजक आहे. जानेवारी १९२३मध्ये अर्लनी थडग्याच्या बातम्यांचा हक्क लंडनच्या 'द टाइम्स'ला विकला: ५,००० पौंड रोख आणि पुढच्या नफ्यातला ७५ टक्के वाटा. इजिप्तच्या वृत्तपत्रांनाही स्वतःच्या देशातली बातमी लंडनहून घ्यावी लागली. बाकीचे बातमीदार लक्झरला रिकाम्या हाताने बसले होते. त्यांना थडग्याच्या आतलं छापायला मिळत नव्हतं, मग बाहेरचं छापलं. अर्ल वारले आणि मक्तेदारीबाहेरची एक जबर बातमी त्यांच्या हाती आली.

१४. मुलगी एव्हलिन थडग्यात पहिली शिरणाऱ्यांत होती. पदवी तिला का नाही?

ही पदवी फक्त पुरुष वारसाकडे जाते. थोरली बहीण असली तरी धाकट्या भावाला मिळते, इथे तर भाऊच थोरला होता. अर्लची मुलगी म्हणून 'लेडी' हा मान मात्र तिला जन्मभर होता. ऑक्टोबर १९२३मध्ये ब्रोग्रेव्ह बीचम यांच्याशी लग्न झाल्यावर त्या लेडी एव्हलिन बीचम झाल्या. आडनाव बदललं, 'एव्हलिन'आधीची 'लेडी' कायम राहिली.

१५. आल्मिनाचं पुढे काय झालं?

पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४मध्ये, तिने हायक्लिअरमध्ये जखमी अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय उघडलं. उत्तरेकडच्या 'अरुंडेल' खोलीत शस्त्रक्रिया व्हायच्या. १९१६मध्ये ते लंडनच्या ब्रायन्स्टन स्क्वेअरमध्ये हलवलं. शुश्रूषा ही तिची खरी आवड होती. कैरोत पतीच्या उशाशीही ती डॉक्टर घेऊन पोचली.

डिसेंबर १९२३मध्ये तिने इयन डेनिस्टन यांच्याशी लग्न केलं. त्यांच्या आधीच्या पत्नीने केलेला दावा १९२५मध्ये लंडनभर गाजला. १९२७मध्ये तिने 'आल्फ्रेड हाउस' हे खाजगी शुश्रूषागृह काढलं. पैसा मात्र हातात टिकला नाही. १९५१मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली. १९६९मध्ये ती वारली.

१६. त्यानंतर घर टिकलं कसं? आणि मालिकेचा त्यात वाटा किती?

अर्ल वारले की वारसाकर, आणि प्रत्येक पिढीत नवा. त्यासाठी आधी वस्तू विकल्या गेल्या (प्रश्न ११), नंतर घरच भाड्याने देण्याची वेळ आली. सहाव्या अर्लनी १९२३पासून १९८७पर्यंत घर सांभाळलं. सातवे अर्ल घोड्यांचे जाणकार होते. १९६९पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे ११ सप्टेंबर २००१पर्यंत, ते राणी एलिझाबेथ यांच्या शर्यतीच्या घोड्यांचे व्यवस्थापक होते. १९७४मध्ये दोन मोठ्या शर्यती जिंकणारी राणीची घोडी 'हायक्लिअर' याच घराच्या नावाची.

२००९च्या सुमारास दुरुस्तीचा अंदाज १ कोटी २० लाख पौंडांवर गेला होता. छपरातून पाणी गळून वरच्या मजल्यावरच्या किमान ५० खोल्या राहण्यालायक उरल्या नव्हत्या. बाथचा दगड मऊ असतो. पन्हाळी तुंबली की पाणी दगडात मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि कोरीव काम सुटून पडतं. त्यातच 'डाऊन्टन ॲबी'चं चित्रीकरण सुरू झालं, २०१०पासून मालिका दिसू लागली आणि पाहुण्यांची रांग लागली. आजचं उत्पन्न तिकिटं, लग्नं, चित्रीकरण, घोड्यांसाठीचे ओट आणि घराच्या नावाची जिन यांतून येतं.

मालिकेतलं क्रॉली कुटुंब काल्पनिक आहे, हर्बर्टांवर बेतलेलं नाही. दिवाणखाना, ग्रंथालय, भोजनगृह, ओक लाकडाचा जिना हे खरं हायक्लिअर. स्वयंपाकघर आणि नोकरांचे दालन मात्र लंडनच्या ईलिंग स्टुडिओत उभारलं होतं. ते शोधत तळघरात उतराल तर इजिप्तचं प्रदर्शन भेटेल.

१७. या घराण्याचा भारताशी, महाराष्ट्राशी काही संबंध?

महाराष्ट्राशी थेट संबंध नाही. भारताशी दोन धागे आहेत. पाचव्या अर्लचे जिवलग मित्र प्रिन्स व्हिक्टर दुलीपसिंग हे पंजाबचे अखेरचे महाराजा दुलीपसिंग यांचे पुत्र. दोघे समवयस्क आणि ईटन, केंब्रिजचे सोबती. दुसरा धागा म्हणजे सहावे अर्ल १९२३मध्ये लष्करी नोकरीत भारतात होते. वडिलांच्या आजाराची तार मिळाल्यावर ते इथूनच कैरोला गेले.

१८. लंडनहून एका दिवसात पाहता येईल का? कसं जायचं?

येईल. चार गोष्टी सांभाळा.

आधी तारीख. घर मुख्यतः उन्हाळ्यात, साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि ईस्टर, मे महिन्यातल्या काही दिवशी खुलं असतं. उन्हाळ्यातही शुक्रवार-शनिवार सहसा बंद, कारण ते लग्नांचे दिवस. शनिवार मोकळा म्हणून आलेले पाहुणे फाटकावरून परत जातात. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षाचं वेळापत्रक पाहा.

मग तिकीट. ते ठरलेल्या वेळेचं असतं आणि महिनोन्‌महिने आधी संपतं. घर, बाग आणि इजिप्तचं प्रदर्शन यांचे वेगवेगळे पर्याय असतात. थडग्यासाठी येत असाल तर प्रदर्शन त्यात आहे ना, हे तपासा.

प्रवास: पॅडिंग्टन स्थानकावरून न्यूबरीला गाडी, साधारण तासाभरात. तिथून टॅक्सी. परतीची टॅक्सी जातानाच ठरवा, कारण फाटकापाशी ती उभी नसते. नकाशावर हायक्लिअर नावाचं खेडं दिसतं, ते वेगळं. टॅक्सीवाल्याला 'कॅसल' असं स्पष्ट सांगा. जुन्या नकाशांवर हायक्लिअर रेल्वे स्थानक दिसलं तरी ते १९६०मध्येच बंद झालं आहे.

शेवटी, घराच्या आत छायाचित्रं काढता येत नाहीत. भोजनगृहातलं व्हॅन डाइकचं घोड्यावरच्या पहिल्या चार्ल्स राजाचं प्रचंड चित्र आणि ग्रंथालयातली ५,००० वर पुस्तकं डोळ्यांनीच पाहून घ्या. प्रदर्शन तळघरात आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा.

१९. पाचव्या अर्लची कबर हायक्लिअरच्या आवारात आहे का? तिकीट लागतं का?

आवारात नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे एप्रिल १९२३च्या अखेरीस त्यांना जवळच्या बीकन हिलवर पुरलं. २६१ मीटर उंचीच्या या टेकडीवर लोहयुगातल्या गढीचा मातीचा कोट आहे आणि कबर त्याच्या आत, एका कोपऱ्यात, लोखंडी कठड्यात आहे. तिथे जायला कॅसलचं तिकीट लागत नाही आणि कॅसल बंद असतानाही टेकडी खुली असते. ए-३४ रस्त्यालगतच्या वाहनतळापासून चढ छोटा पण उभा आहे, पावसानंतर गवत निसरडं होतं. चांगले बूट घाला.

२०. आणि मूळ थडगं, मूळ वस्तू पाहायच्या असतील तर?

लक्झरच्या पश्चिम तीरावर राजांच्या खोऱ्यात तुतनखामनचं थडगं आहे, क्रमांक ६२. खोऱ्याच्या साध्या तिकिटात ते येत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. ममी आजही तिथेच काचेच्या पेटीत आहे. पाच हजारांहून अधिक वस्तू आणि सोन्याचा मुखवटा गीझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत. जुनी मार्गदर्शक पुस्तकं मुखवटा कैरोच्या तहरीर चौकातल्या संग्रहालयात असल्याचं सांगतात, त्यांवर विसंबून तिकडे जाऊ नका.